गाडीच्या कर्जाचं व्याज : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘गाडीच्या कर्जाचं व्याज आता करपात्र उत्पन्नातून वजा होतं’ असा मेसेज इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत फिरतोय. परवा रामबागेतल्या एक काकू बँकेचा व्याजाचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आल्या. मुलगा नोकरदार, गाडी घरच्या वापराची. त्यांना नाही म्हणताना फार वाईट वाटलं.

ही सवलत अमेरिकेतली आहे. तिथे जुलै २०२५च्या कायद्याने २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी, अमेरिकेतच जुळणी झालेल्या नव्या खासगी गाडीवर वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज वजा होतं. तेही सरसकट नाही. उत्पन्नाची मर्यादा आहेच.

आपल्याकडे नोकरदाराच्या घरगुती पेट्रोल-डिझेल गाडीला अशी वजावट नाही. इलेक्ट्रिक गाडीसाठी कलम ८०ईईबीखाली दीड लाखापर्यंत ठेवली होती, पण कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ दरम्यान मंजूर झालेलं हवं आणि करप्रणाली जुनी हवी. धंद्यासाठी गाडी वापरणारा मात्र तेवढ्या वापरापुरतं व्याज खर्चात धरू शकतो.

रोज पीथमपूरला कारखान्यात गाडीने जाणाऱ्यालाही ही सोय मिळावी, असं मला मनापासून वाटतं. आज ती नाही. म्हणून रिटर्नमध्ये हा आकडा टाकू नका.