निर्व्यसनी जावई आणि पिल्झनची बिअर

आमच्याकडं लग्नाच्या बायोडाटात 'मुलगा निर्व्यसनी' ही ओळ छापावीच लागते. पगार किती, बागायती किती, कोरडवाहू किती याची चौकशी सगळे गावभर फिरून करतात. या ओळीची मात्र कुणी करत नाही. ती एकदा छापली की पोरानं निदान सासुरवाडीपुरतं तरी तिला जागायचं, एवढीच अपेक्षा असते. मी परभणीत व्यवस्थित जागत होतो. सापडलो तो थेट चेक प्रजासत्ताकात.

मेव्हणा प्रागला नोकरीला आहे. त्यानं आई-वडिलांना आणि आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि कुणाला न विचारता पिल्झन गावच्या ब्रुअरीची तिकिटं काढली. मामा, म्हणजे माझे सासरे, माळकरी. कार्तिकीची वारी न चुकवणारा माणूस. बिअरचा कारखाना म्हटल्यावर ते उठून जातील असं मला वाटलं, म्हणजे मी तशी आशाच धरली होती. पण तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत हे कळल्यावर ते म्हणाले, "मग बघून तर घेऊ. बघायला काय माळ तुटती व्हय?" सासूबाई आणि बायको वरच्या दुकानात रमल्या. आम्ही तिघं आत.

गाइड पोरगी इतिहास सांगत होती आणि मेव्हणा तो मराठीत आणत होता. 1838 साली इथल्या लोकांनी बेचव बिअरला वैतागून 36 पिंपं नगरपालिकेसमोर ओतून दिली. मामा एकदम खूश. "आंदोलन केलं म्हणा की! आपल्याकडं दूध ओतत्यात." मग गावानं नवी ब्रुअरी बांधली, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला आणि 1842 च्या ऑक्टोबरात त्यानं सोनेरी, नितळ बिअर काढली. आज जगभर 'पिल्सनर' म्हणून जे विकतात त्याचं मूळ हे. माणूस भलता उर्मट होता म्हणतात. मामांचं मत असं, की कामाची माणसं तशीच असतात.

पुढं मोड आणून वाळवलेले सातू चाखायला ठेवले होते. मामांनी चार दाणे दाताखाली फोडले, गोड लागले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "परतीच्या पावसात आपल्या सोयाबीनला शेंगंतच मोड येत्यात, तर तलाठी पंचनाम्याला येईना. अन् इथं मोड आणायला पगारी माणसं!" बिअरला कडवटपणा देणारी, झाटेत्स गावच्या हॉप्सच्या वेलाची फुलं त्यांनी चुरडून हुंगली आणि क्विंटलचा भाव विचारला. गाइडला तो माहीत नव्हता. तिथून तिच्याबद्दलचं त्यांचं मत जरा खाली आलं.

मग आम्ही तळघरात उतरलो. खडकात कोरलेली भुयारं, भिंतींना ओल, अंगावर काटा येईल असा गारठा. मामांनी कानाला मफलर गुंडाळला. ओकच्या भल्यामोठ्या पिंपातून एक माणूस न गाळलेली बिअर थेट ग्लासात सोडत होता आणि ग्लास हातोहात पुढं येत होते. बघता बघता एक माझ्या हातात, एक मामांच्या.

इथं एक रिवाज आहे. 'नाझ्द्रावी' म्हणून ग्लासाला ग्लास लावायचा आणि लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. नजर चुकवली तर ते बरं मानत नाहीत. मी मेव्हण्याच्या डोळ्यांत बघून मोकळा होणार होतो, तेवढ्यात गाइडनं मला खांद्याला धरून मामांकडं वळवलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही माझी छाती एवढी धडधडली नव्हती. मामांनी यजमानासारखा शांतपणे ग्लास टेकवला.

मी पहिला घोट काढा घेतल्यासारखं तोंड करून घेतला. दुसऱ्या घोटाला ते तोंड टिकेना. वर साईसारखा दाट फेस, आधी ताज्या पावाचा वास, मागून स्वच्छ कडवटपणा, आणि अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्याही आत. आपल्या ढाब्यावर 'स्ट्राँग का लाइट?' विचारतात आणि लाइट म्हणणाऱ्याकडं वेटर दयेनं बघतो. (निर्व्यसनी माणसाला हे कुठून ठाऊक, असं विचारू नये.)

मामा मात्र पाण्यावर अडले होते. या गावचं पाणी मृदू, म्हणून बिअर अशी होते, हे ऐकल्यापासून ते अस्वस्थ होते. आमच्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर बसतो. "एका लिटरला पाणी किती लागतं? विचार." मेव्हणा म्हणाला, "ब्रुअरीत साधारण तीन ते पाच लिटर, बाबा."

मामा गप्प झाले. 2016 चा उन्हाळा आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठानं मद्यकारखान्यांच्या पाण्याला 60 टक्क्यांपर्यंत कात्री लावली. वाळूजच्या बिअरवाल्यांना तेव्हा फेस आला होता.

"म्हंजे ह्या गिलासात दीड-दोन लिटर पाणी जिरलंय," मामा हिशेब करून म्हणाले आणि स्वतःचा ग्लास माझ्यापुढं धरला. "घ्या पाव्हणं. टाकायचं न्हाई."

"मामा, मला सवय..."

"औषध म्हणून घ्या."

घेतला. शेजारच्या पिंपावर कुण्या जोडप्यानं अर्धेच पिऊन ठेवलेले दोन ग्लास होते. मामांनी आधी ग्लासांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मेव्हणा देवासारखा धावला. "दाजी, चला, परतीची गाडी सुटायलीय!"

गाडीत बायको शेजारी बसली, तिनं नाक आक्रसलं आणि परभणीच्या पट्टीत विचारलं, "हे काय? कुणी पाजली तुम्हाला?"

"मी," पुढच्या सीटवरून मामा म्हणाले, आणि सातूचा उरलेला चोथा म्हशींना चालतो का, हे ते मेव्हण्याला विचारू लागले.