संपादक व्हा, वाचायचं तेवढं मनावर घेऊ नका

सर, अभिनंदन! एका आंतरराष्ट्रीय जर्नलच्या संपादक मंडळावर येण्याचं आमंत्रण तुम्हाला मेलवर आलंय. जर्नल रेडिओलॉजीचं आणि तुम्ही अर्थशास्त्राचे, असल्या किरकोळ बाबीत अडकू नका. आजच होकार कळवा.

पात्रतेची काळजी वाटत असेल, तर पोलंडच्या संशोधकांनी तीही मिटवून ठेवलीय. त्यांनी आना शुस्ट नावाची एक बाई फक्त कागदावर उभी केली. नावावर ना धड पेपर, ना संपादनाचा अनुभव. तिने 360 जर्नलांकडे संपादकपदासाठी अर्ज केले, 48 ठिकाणी वर्णी लागली आणि चार ठिकाणी तर थेट मुख्य संपादकपद! 2017 साली 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकाने हे छापलं. यातल्या 120 इम्पॅक्ट फॅक्टरवाल्या (म्हणजे ज्यांच्या पेपरांचा इतर संशोधक किती संदर्भ देतात, हे मोजलं जातं अशा) जर्नलांपैकी एकानेही तिला घेतलं नाही. जुन्या वळणाची मंडळी, चालायचंच.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे प्राध्यापक माइक डॉब यांची कुत्री ऑली, 'डॉ. ऑलिव्हिया डॉल' या नावाने सात जर्नलांच्या मंडळांवर असल्याचं उघड झालं. तिचा संशोधनविषय होता मध्यम आकाराच्या कुत्र्यांचं पोट चोळण्याचे फायदे. विषयाशी इतकं एकनिष्ठ राहणारे गाईड आपल्या विद्यापीठांत किती सापडतील, तुम्हीच सांगा.

आता जबाबदाऱ्या. रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारे तज्ज्ञ, शोधत बसू नका, लेखकालाच नावं सुचवायला सांगा. दक्षिण कोरियातल्या एका संशोधकाने सुचवलेल्या रिव्ह्यूअरांचे ईमेल शेवटी त्याच्याकडे किंवा त्याच्या सहकाऱ्यांकडेच पोचत. अभिप्राय चोवीस तासांच्या आत यायचे. संपादकाला या तत्परतेचा संशय आला आणि 2012 मध्ये सगळं बाहेर पडलं. म्हणून तुमच्या रिव्ह्यूअरांना निदान आठवडाभर तरी थांबायला सांगा.

पेपर नाकारणं तर टाळाच. 1936 साली 'फिजिकल रिव्ह्यू'चे संपादक जॉन टेट यांनी आइनस्टाइनचा गुरुत्वलहरींवरचा पेपर तपासायला दुसऱ्याकडे पाठवला. आइनस्टाइन भडकले, पेपर परत घेतला आणि पुन्हा त्या जर्नलात संशोधनाचा पेपर दिला नाही. तपासनिसाची शंका रास्त होती, पुढे आइनस्टाइननी निष्कर्षही बदलला, पण त्याचं काय घेऊन बसलात? टेट बिचारे कोणाच्या लक्षात आहेत? तुमच्याकडे तर स्थाननिश्चितीची, म्हणजे बढतीची, फाइल घेऊन शेजारच्या विभागाचे सर येणार. ते काही आइनस्टाइन नाहीत, पण स्टाफरूममध्ये रोज भेटतात. आज पेपर, उद्या ॲक्सेप्टन्स लेटर, परवा अंक. मध्ये शुल्काची पावती.

यूजीसीला, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाला, घाबरायचं कारण नाही. मे 2018 मध्ये त्यांनी 4,305 जर्नलं मान्य जर्नलांच्या यादीतून काढली, नंतर तिच्या जागी 'केअर' नावाची नवी यादी आणली आणि 2025 मध्ये तीही बंद केली. जर्नल बरं की वाईट, हे आता संस्थेनेच ठरवायचं. संस्थेत ते कोण ठरवणार? समितीवर तज्ज्ञ हवा, आणि तुम्ही तर आंतरराष्ट्रीय संपादक!

एखाद्याने पत्र पाठवून कळवलं, की तुमच्या अंकातला पेपर आमच्या प्रबंधातून उचललाय, तर गडबडून जाऊ नका. लेखकाला फोन करून सावध करा आणि पत्र प्रकाशकाकडे पाठवा. प्रकाशक ते परत तुमच्याकडे पाठवेल. तोवर पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर तळाशी, बारीक टाइपात, छापून टाका: 'प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही.'