दीडशे वर्षं जुन्या फोटोवर तुमचा हक्क आला कुठून?

आज परत तसाच मेल आलाय. फोटो १८६०च्या दशकातला, काढणारा जाऊन शंभरावर वर्षं झाली, कॉपीराइट कधीच संपलाय, आणि म्युझियमच्या इमेज डिपार्टमेंटचं म्हणणं काय, तर ही इमेज आमच्या कॉपीराइटखाली येते, वापरायची असेल तर फॉर्म भरा. डोक्यात तिडीक जाते अक्षरशः. कसला कॉपीराइट? फोटो तुम्ही काढलात का? तुम्ही तो जुना प्रिंट कॅमेऱ्याखाली सपाट ठेवला, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड दिला, रंग जुळवायची पट्टी शेजारी ठेवली आणि त्याची हुबेहूब नक्कल केलीत. काम कौशल्याचं आहे, मान्य, शंभर टक्के मान्य. पण त्या कामाची कसोटीच ही की तुमचं स्वतःचं त्यात काहीही दिसता कामा नये, मूळ आहे तसंच यायला पाहिजे. मग जिथे तुमचं काही दिसतच नाही तिथे तुमचा नवा हक्क कसा तयार झाला?

आणि हे माझं एकटीचं मत नाहीये हो. अमेरिकेत १९९९ साली ब्रिजमन विरुद्ध कोरेल या केसमध्ये कोर्टाने स्पष्ट सांगितलं की कॉपीराइट संपलेल्या चित्राचा जसाच्या तसा फोटो काढला तर त्यात नवीन निर्मिती नाही, म्हणून नवा कॉपीराइटही नाही. युरोपियन युनियनने २०१९च्या कॉपीराइट डायरेक्टिव्हमध्ये कलम १४ त्याच्याचसाठी घातलं. ब्रिटनच्या अपील कोर्टाने २०२३मध्ये टीएचजे विरुद्ध शेरिडन या निकालात कॉपीराइटसाठी करणाऱ्याची स्वतःची बौद्धिक निर्मिती लागते, नुसती मेहनत आणि कौशल्य पुरत नाही, हे परत ठणकावून सांगितलं. एवढं सगळं होऊनही म्युझियमच्या वेबसाइटवर फोटोच्या नोंदीखाली तेच गोल वर्तुळातलं सी, त्यापुढे म्युझियमचं नाव आणि त्यापुढे वर्ष कुठलं, तर स्कॅन केल्याचं! फोटो काढणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात, आणि कधीकधी तेही नाही.

तो फॉर्म तर बघवत नाही. पुस्तक की मासिक, किती प्रती, किती देशांत विकणार, कोणत्या भाषेत, पाव पान की पूर्ण पान, कव्हरवर की आत, आणि यातल्या प्रत्येक उत्तरागणिक फी बदलते. मी ऑनलाइन लेखासाठी मागतेय, मला छापायच्या प्रतीच नाहीत, पण 'प्रतींची संख्या' हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही आणि शून्य टाकलं तर ते घेत नाही, लाल अक्षरात 'योग्य संख्या लिहा' असं येतं. काय लिहू मी तिथे? खोटं लिहू? मेल करून विचारलं तर उत्तर आलं की फॉर्म भरा. वर परवानगी कायमची नाहीच, पाच वर्षांची. पाच वर्षांनी परत पैसे भरा नाहीतर फोटो काढून टाका. म्हणजे लेख आहे तिथेच राहणार आणि ज्या फोटोबद्दल तो लिहिलाय त्या जागी पांढरा चौकोन.

बरं, कॉपीराइट नाही हे दाखवून दिलं की गाडी लगेच दुसऱ्या रुळावर जाते. मग म्हणतात, ठीक आहे, कॉपीराइट नसेल, पण वेबसाइट वापरताना तुम्ही आमच्या अटी मान्य केल्यात. म्हणजे कायद्याने जो हक्क संपवला तो अटींच्या पानावरून परत आणायचा. मूळ प्रिंट त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, मग बळी तो कान पिळी. आणि जुन्या फोटोंच्या बाबतीत हे जास्तच जाचक आहे कारण ते कायम भिंतीवर लावताच येत नाहीत. अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा थर दिलेले ते अल्ब्युमेन प्रिंट्स उजेडाने फिके पडतात, म्हणून काही महिने दाखवतात आणि परत अंधाऱ्या, थंड खोलीत ठेवतात. ते योग्यच आहे, तसंच ठेवलं पाहिजे. पण मग सामान्य माणसाला तो फोटो बघायचा मार्ग एकच उरतो, डिजिटल कॉपी, आणि नेमकी तीच तुम्ही अंगठ्याएवढी करून, चेहऱ्यांवरून वॉटरमार्क ओढून ठेवता?

शिवाय फोटो म्हणजे एकुलती एक वस्तू नसते हे तरी म्युझियमवाल्यांना सांगायला लागू नये. एका निगेटिव्हवरून अनेक प्रिंट निघतात. ब्रिटिश फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन १८७९ला गेली, तिचे प्रिंट कितीतरी संग्रहांत आहेत, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि लॉस एंजेलिसचं गेटी म्युझियम त्यांच्याकडच्या तिच्या फोटोंच्या मोठ्या फाइली कुणालाही फुकट उतरवून देतात, कारण विचारत नाहीत. दुसरीकडे कुठे तरी त्याच निगेटिव्हचा प्रिंट असेल तर तिथे फॉर्म आणि फी. चित्र तेच! मग हा हक्क नक्की कशावर आहे, चित्रावर की कपाटावर?

"पैसे नाही घेतले तर म्युझियम चालणार कसं" हे ऐकून ऐकून कान किटलेत. २००४मध्ये सायमन टॅनर यांनी अमेरिकेतल्या आर्ट म्युझियम्सचा या विषयावर अभ्यास केला होता, त्यात एकाही म्युझियमने या सेवेतून खर्च वजा जाता म्हणावा असा नफा होतो असं सांगितलं नाही. साहजिक आहे, फॉर्म तपासायला माणूस, बिल काढायला माणूस, पैसे आले का बघायला माणूस. मग ज्यांनी दरवाजे उघडले त्यांचं काय वाटोळं झालं? ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमला उलटाच अनुभव आला. व्हर्मेरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या पिवळट, भिकार नकला इंटरनेटवर इतक्या पसरल्या होत्या की लोक म्युझियमच्या दुकानातलं खऱ्या रंगांचं पोस्टकार्ड बघून म्हणायचे हेच खोटं आहे. त्यावर त्यांनी वकील लावले नाहीत, स्वतःची उत्तम फाइल मोकळी केली. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१६मध्ये १ लाख ८० हजारांवर गोष्टी मोकळ्या केल्या, ॲना ॲटकिन्सने १८४०च्या दशकात केलेले समुद्री शेवाळांचे ते सायनोटाइप, म्हणजे निळ्या रंगात उमटणारे जुन्या पद्धतीचे फोटो, तिथून आज कुणीही घेऊ शकतं. मेट्रोपॉलिटनने २०१७मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास इमेजेस सीसी झिरोखाली, म्हणजे कसलीही अट न घालता दिल्या, स्मिथसोनियनने २०२०मध्ये २८ लाख. सगळे आपापल्या जागी धडधाकट उभे आहेत.

आणि सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? जिथे खरोखर कुणाचा तरी हक्क आहे तिथे हेच लोक हात वर करतात. फोटोग्राफर हयात आहे, वारस आहेत, तर त्यांना पैसे मिळालेच पाहिजेत, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण फोटो कुणी काढला तेच माहीत नसलेले जे ढिगाने अल्बम पडलेत त्यांचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलंय. युरोपने २०१२ला बेवारस कलाकृतींसाठी नियम केला त्यातून सुटे फोटो वगळलेच, म्हणजे जिथे गरज सगळ्यात जास्त तिथेच काही नाही. आणि वसाहतींच्या काळात माणसांना रांगेत उभं करून, त्यांना न विचारता काढलेले जे फोटो आहेत, ते सरसकट मोकळे करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, तिथे त्या समाजाला विचारलंच पाहिजे. पण एका ठिकाणी मी काय पाहिलं, तर "संवेदनशील साहित्य" अशी सूचना वर आणि तिच्याच खाली "लायसन्स घ्या" चं बटण. फी भरली की संवेदनशीलता संपली? इतकी चीड आली मला ते बघून.

उलटा गैरप्रकारही होतो. कॅरोल हायस्मिथ या अमेरिकन फोटोग्राफरने स्वतःचे हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांसाठी मोकळे करून दिले. आणि तिलाच, तिच्याच फोटोसाठी, फोटो विकणाऱ्या एजन्सीच्या वतीने १२० डॉलर भरा अशी नोटीस आली! २०१६मध्ये ती कोर्टात गेली तर तिचे मुख्य दावे फेटाळले गेले. म्हणजे मोकळं केलेलं विकायला कुणालाही बंदी नाही, फक्त ते खरंच मोकळं आहे हे लोकांना कळू नये अशी व्यवस्था करायची. म्हणून तर मूळ संस्थेच्या नोंदीवर ते ठळक लिहिलेलं असणं गरजेचं आहे. त्यासाठी नवीन काही शोधायला पण नको, कुठल्या वस्तूवर कॉपीराइट आहे की नाही ते सांगणारे राइट्सस्टेटमेंट्सचे बारा तयार शिक्के २०१६पासून पडलेत, फक्त उचलून लावायचेत.

लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००८मध्ये फ्लिकर या फोटो शेअर करायच्या साइटवर तीनेक हजार जुने फोटो टाकले तेव्हा काय झालं ते आठवा. कुठल्या कुठल्या लोकांनी रस्ते ओळखले, इमारती ओळखल्या, माणसं ओळखली, जुन्या वर्तमानपत्रांचे दाखले काढून दिले, आणि लायब्ररीने ते तपासून आपल्या नोंदी दुरुस्त केल्या. पगार न घेता. तुमच्या साइटवर "अनोळखी कुटुंब, ठिकाण अज्ञात" लिहून ठेवलेल्या त्या फोटोतल्या आजीला ओळखणारी तिची पणती आज कुठेतरी असेल, पण वॉटरमार्क नेमका आजीच्या चेहऱ्यावर आहे, मोठं करून बघायला लॉगिन लागतं आणि नीट फाइल हवी तर फी. कशी ओळखणार ती? आणि कित्येकदा तो अल्बम कुणाच्या तरी घरच्यांनीच विश्वासाने फुकट दिलेला असतो, हे तर कुणी बोलतच नाही.

आता कुणीतरी म्हणेल की क्रेडिट तर द्यायलाच हवं. अहो देतेच मी, संग्रहाचं नाव, दाखल क्रमांक, फोटोग्राफर, सगळं, न मागता देते. एखाद्या प्रिंटचं अजून स्कॅनच झालं नसेल आणि माझ्यासाठी ते मुद्दाम करावं लागत असेल तर त्या माणसाच्या वेळेचे पैसे द्यायलाही तयार आहे, एकदा, पावती घेऊन. पण मेलमध्ये जे मागितलंय ते ना क्रेडिट आहे ना मजुरी, ती परवानगीची फी आहे, आणि ती परवानगी द्यायचा अधिकार त्यांच्याकडे नाही. तेच लिहून पाठवलंय त्यांना, कलमासकट.