बिस्किटाचा पुडा आधी सरांनी लपवावा

बौद्धिक दिव्यांग खेळाडूंच्या तब्येतीचा विषय निघाला की सगळे प्रशिक्षकाकडे बघतात. सर भेटणार आठवड्यातून दोन-तीनदा, ताट वाढणारी आजी रोज दोनदा. मग शिकवायचं कुणाला? त्यात फेरी पूर्ण केली की शाबासकी म्हणून क्रीमचं बिस्कीट सरच देणार आणि "वजन वाढलंय" म्हणून आईला ऐकवणारही तेच. हे काय खरं नव्हे. बक्षीस द्यायचंच तर शिट्टी वाजवायला द्या.

डाउन सिंड्रोममध्ये, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असण्यात, थायरॉइड मंद असणं नेहमीचं. वर्षातून एकदा रक्त तपासा, मगच पोराला आळशी म्हणा. रविवारचं मटण बंद करू नका, कोल्हापुरात ते टिकणारही नाही. पातेलं ओट्यावरच राहू दे, ताट तिथंच वाढून आणा. पातेलं समोर दिसलं की "आणखी"वरून भांडण ठरलेलं.

खरी हयगय होते दातांची. "स्वतः घासतो की" म्हणतात, पण ब्रश फिरतो फक्त पुढच्या दातांवर. आरशासमोर त्याच्या मागे उभं राहा, त्याच्या हातावर आपला हात ठेवा. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, ब्रश हिरडीकडे तिरका. रोज एकाच दाढेपासून सुरुवात, दोन मिनिटं. क्रम बदलला की तो गोंधळतो. मूठ नीट वळत नसेल तर दांड्यावर सायकलची जुनी मूठ चढवा. रक्त आलं म्हणून घासणं थांबवतात, तिथंच चुकतं. साठलेल्या घाणीनंच बहुतेक वेळा हिरडी सुजलेली असते. फिटच्या गोळीत फेनिटोइन असेल तर हिरडी वाढतेही. डॉक्टरांना विचारा, गोळी मनानं बंद करू नका.

तहान लागली हे बरेच जण सांगत नाहीत. बाटलीला दोन रबर लावा: पहिल्या रबरापर्यंत सरावाआधी, दुसऱ्यापर्यंत मधल्या सुट्टीत. पावसाळ्यात ओल्या बुटात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, बोटांच्या बेचक्या पुसा.

एका बाबतीत मात्र थांबून चालायचं नाही. डाउन सिंड्रोमच्या खेळाडूची मान दुखली, चाल बिघडली किंवा अचानक कपड्यात लघवी व्हायला लागली, तर फुटबॉल, कोलांटी सगळं त्याच दिवशी बंद आणि थेट डॉक्टर. मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात.

स्पेशल ऑलिम्पिक्स या बौद्धिक दिव्यांग खेळाडूंच्या जागतिक संघटनेनं 1997 मध्ये 'हेल्दी अ‍ॅथलीट्स' उपक्रम सुरू केला. त्यात खेळाडूंचे दात, डोळे, कान, पाय मोफत तपासतात. तपासणीची चिठ्ठी बॅगेच्या तळाशी चुरगळते. तिचा फोटो काढून सरांना आणि शाळेतल्या मावशींना पाठवा. आजीला वाचून दाखवा.