२१ दिवसांच्या चॅलेंजपेक्षा चातुर्मासाचा नेम बरा

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा एक यादी फिरतेय. पहाटे पाचला उठायचं, पुण्यातली तळजाई नाहीतर वेताळ टेकडी गाठायची, तीन लिटर पाणी, दहा पानं वाचन, साखर बंद. मुदत २१ दिवस. दहाव्या दिवशी ग्रुप गार पडतो आणि मग त्यावर नुसती 'शुभ सकाळ'ची फुलं येत राहतात. सगळे म्हणतात, इच्छाशक्ती कमी पडली. मला वाटतं, आखणीच चुकलेली असते.

मुळात तो २१ चा आकडा सवयींच्या अभ्यासातून आलेला नाही. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला कमीत कमी २१ दिवस लागतात. त्यातलं 'कमीत कमी' वाटेत गळून पडलं. प्रत्यक्ष मोजणी केली ती फिलिपा लॅली आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या तिच्या सहकाऱ्यांनी. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ९६ जण होते आणि प्रत्येकाने एकच गोष्ट निवडली होती. ती अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण कुणाला १८ तर कुणाला २५४. (अभ्यास चालला ८४ दिवस, म्हणजे २५४ हा आलेख पुढे ओढून काढलेला अंदाज.) पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर जमते, व्यायामाला जास्त दिवस लागतात. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

म्हणूनच '७५ हार्ड' नावाचं ते ७५ दिवसांचं चॅलेंज मला पटत नाही. रोज ४५ मिनिटांचे दोन व्यायाम, त्यातला एक उघड्यावर, एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरहून थोडं जास्तच पाणी, वर डाएट, वाचन आणि फोटो. एक जरी चुकलं की पुन्हा पहिल्या दिवसापासून! ऐन जुलैच्या पावसात करून बघा. किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एवढं पाणी पिऊही नये.

त्यापेक्षा आपला चातुर्मास बघा. आषाढी ते कार्तिकी एकादशी, साधारण १२० दिवस, म्हणजे ६६ च्या जवळपास दुप्पट. नेम बहुधा एकच: कांदा-लसूण वर्ज्य, किंवा रोज एक अध्याय. सुरुवात ठरलेली, शेवटी उद्यापन, आणि घरात सगळ्यांना माहीत, त्यामुळे ताटात कांद्याची भजी कुणी वाढत नाही. श्रद्धा बाजूला ठेवली तरी आराखडा पक्का आहे.

आता नेम कसा बांधायचा ते. नव्या सवयीला खुंटी लागते, म्हणजे रोज न चुकता होणारं एखादं जुनं काम. 'सकाळी उठल्यावर' ही खुंटी नव्हे, ती अख्खी भिंत झाली. 'चहाचं आधण गॅसवर ठेवलं की' ही खुंटी. आधण ठेवलं, ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकले, पाय दोन पावलं मागे घेतले आणि १० पुश-अप्स. आधणाला उकळी यायच्या आत होतात. पहिले दोन आठवडे १० च, २५ जमत असले तरी. त्या दिवसांत दंड कमवायचे नसतात, आधण दिसलं की हात आपसूक ओट्यावर जावेत एवढंच साधायचं असतं. फोनवरचा गजर खुंटी म्हणून कुचकामी. तो बंद करायचीच सवय लागते.

खुंटी आणि काम एकाच जागी हवं. चहा स्वयंपाकघरात आणि योगा मॅट बेडरूममधल्या कपाटावर, तर मधल्या पॅसेजमध्येच नेम हरवतो.

सोडायच्या सवयीला खुंटी नाही, अंतर लागतं. रात्रीचा मोबाइल सोडायचा तर चार्जर हॉलमध्ये न्या आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ ठेवा. निश्चय वगैरे नंतर.

चुकण्याची सोय आधीच करा, आणि लिहून. 'पाऊस असेल तर टेकडीऐवजी सोसायटीच्या जिन्याच्या ५ फेऱ्या.' पावसाळ्यात टेकडीवरच्या मुरमाड वाटा निसरड्या होतात, तेव्हा हा पर्याय लागणारच. गणपतीच्या दहा दिवसांत मात्रा अर्धी, पण खुंटी तीच. एक दिवस गेला तर जाऊ दे, सलग दोन जाऊ देऊ नका.

नोंदीला अ‍ॅप नको. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या खिळ्याला सुतळीने पेन बांधा. पेन शोधावं लागलं की नोंद संपली. केलं त्या दिवशी टिंब; नाही केलं तर चौकोन कोरा, तिथे फुली नको. महिन्याअखेरी कोरे चौकोन वाचा. ते इकडेतिकडे विखुरलेले असतील तर मात्रा जास्त झालीय, १० च्या ५ करा. एकाच वाराखाली ओळीने कोरे असतील तर मात्रेला हात लावू नका, त्या वाराला खुंटीच नाही. रविवार कोरे असतील तर बहुतेक चहा दुसऱ्या कुणीतरी केलेला असतो, आणि बुधवार कोरे असतील तर तो कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये झालेला असतो.