नागरिकशास्त्र शिकवायचं तर मुलांच्या हातात कागद द्या

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावात माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांची प्रेसिडेन्शियल लायब्ररी आहे, १९५७ साली उघडलेली. म्हणायला लायब्ररी, पण मुळात तो दप्तरखाना आणि सोबत संग्रहालय. निवृत्तीनंतर ट्रुमन स्वतः तिथे आलेल्या शाळकरी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. आज तिथे मुलांसाठी 'व्हाइट हाउस डिसिजन सेंटर' चालतं. मुलंच ट्रुमन होतात, मुलंच सल्लागार. एके काळी गोपनीय असलेले कागद वाचायचे, आपसात वाद घालायचा आणि शेवटी पत्रकार परिषद घेऊन निर्णय जाहीर करायचा. जपानशी चाललेलं युद्ध कसं संपवायचं, कोरियात काय करायचं, सैन्यातला वर्णभेद मोडायचा की नाही, असे खरेखुरे पेच त्यांच्यापुढे असतात.

नागरिकशास्त्र शिकवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. पाठ्यपुस्तकात निर्णय आधीच होऊन गेलेला असतो, मुलांनी फक्त कारणं पाठ करायची.

त्या काळातले दोनच कागद बघा. २५ एप्रिल १९४५. रूझवेल्ट वारल्यामुळे ट्रुमन राष्ट्राध्यक्ष झाले, त्याला जेमतेम तेरा दिवस झालेले. युद्धमंत्री स्टिम्सन एक टिपण घेऊन आले: चार महिन्यांत बहुधा असं भयंकर अस्त्र तयार होईल, की त्याच्या एका बॉम्बने अख्खं शहर नष्ट होऊ शकेल. आता २५ जुलैची ट्रुमन यांची डायरी उघडा. त्यात ते लिहितात की लक्ष्य लष्करी ठिकाणं आणि सैनिक असावेत, बायका-मुलं नकोत, असं मी स्टिम्सनना सांगितलं आहे. ६ ऑगस्टला हिरोशिमावर बॉम्ब पडला.

'अख्खं शहर' हे ज्याला आधीच सांगितलं होतं, त्याने तीन महिन्यांनी असं का लिहिलं असेल? स्वतःचीच समजूत घालत होता, की त्याला खरंच तसं वाटत होतं? पंधरा वर्षांच्या मुलीपुढे हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवा. पुढे आयुष्यभर कुठल्याही सरकारचं निवेदन ती डोळे झाकून खरं मानणार नाही.

अर्थात, कागद कुणाच्या ताब्यात आहेत यावर सगळं अवलंबून असतं. कॅलिफोर्नियातली निक्सन लायब्ररी १९९० मध्ये खासगी पैशातून उभी राहिली. ज्या वॉटरगेट प्रकरणामुळे निक्सन यांना राष्ट्राध्यक्षपद सोडावं लागलं, ते तिथल्या दालनात विरोधकांचा डाव असल्यासारखं मांडलेलं होतं. २००७ मध्ये ती अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, म्हणजे सरकारी दप्तरखान्याकडे आली आणि २०११ मध्ये मूळ पुरावे व संबंधितांच्या मुलाखती यांवर नवं दालन उभं राहिलं, तेही आधी लायब्ररी चालवणाऱ्या निक्सन फाउंडेशनचा विरोध असताना. म्हणूनच माझं ठाम मत आहे की असे उपक्रम नेत्याच्या चाहत्यांच्या हाती देऊ नयेत. ते काम दप्तर सांभाळणाऱ्यांचं आहे.

आपल्याकडे कागदांना तोटा नाही. पुण्याचं पेशवे दप्तर आहे, मुंबईचं पुराभिलेखागार आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जाची खतं जाळली, ते लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. आठवी-नववीच्या वर्गात कुणी शेतकरी व्हावं, कुणी सावकार, कुणी कलेक्टर, आणि सगळ्यांच्या हातात त्या आयोगाच्या अहवालातली चार-चार पानं असावीत.

माझं लिखाण वाचणाऱ्यांत इतिहास शिकवणारे बरेच जण आहेत. एक तास एवढं करून बघा, आणि मुलं काय म्हणाली ते मला जरूर कळवा.