मान्यता मिळाली म्हणजे जमीन मिळाली का? त्या फॉरवर्डला उत्तर

2025 च्या सप्टेंबरात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स वगैरेंनी पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली तेव्हापासून एक मेसेज फिरतोय. फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला, पण भाचीने तो राज्यसेवेच्या नोट्समध्ये जसाच्या तसा उतरवून घेतलेला दिसला आणि मग राहवेना. मेसेज थोडक्यात असा: पॅलेस्टाईन नावाचा देश कधी नव्हताच, जमीन ओसाड पडली होती, ज्यूंनी ती रीतसर पैसे मोजून घेतली, सेटलर कलोनियलिझम (बाहेरून येऊन वस्ती करायची आणि मूळच्या लोकांना हटवायचं अशी वसाहतशाही) हे डाव्या प्राध्यापकांचं खूळ आहे, आणि आता मान्यता मिळालीच आहे तर पॅलेस्टिनींनी अमेरिका-कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींसारखं गप्प बसावं, त्यांना मान्यता मिळाली आणि त्यांचा प्रश्न सुटला.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

कोणाचा प्रश्न सुटला? अमेरिकेतल्या लाकोटा या मूळनिवासी लोकांचं बघा. 1868 साली फोर्ट लॅरमीच्या तहात अमेरिकन सरकारने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख त्यांचा आहे हे लिहून दिलं, सही-शिक्क्यासकट. याहून मोठी मान्यता कुठली असते? 1874 मध्ये तिथे सोनं सापडलं आणि 1877 मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून तोच मुलूख काढून घेतला. पुढे त्याच डोंगरात चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरले, तेच माउंट रशमोर ज्याच्यासमोर आपले टुरिस्ट फोटो काढतात. 1980 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेच मान्य केलं की योग्य मोबदला न देता ही जमीन घेतली गेली, आणि भरपाई ठरवली दहा कोटी डॉलरच्या वर. लाकोटांनी ते पैसे आजतागायत उचललेले नाहीत, व्याज धरून ती रक्कम शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि पाइन रिजसारखी त्यांची वस्ती देशातल्या सगळ्यात गरीब भागांत मोजली जाते तरीही. ते म्हणतात डोंगर विकायला काढलेलेच नाहीत, डोंगर परत द्या. याला गप्प बसणं म्हणतात?

कॅनडात 1997 मध्ये सुप्रीम कोर्टाने गित्क्सान आणि वेट्सुवेटेन या मूळनिवासी लोकांच्या खटल्यात सांगितलं की पूर्वापार जमिनीवरचा हक्क ही कायद्याला मान्य असलेली गोष्ट आहे. तरी 2019 आणि 2020 मध्ये वेट्सुवेटेनच्या परंपरागत प्रमुखांचा विरोध असताना गॅस पाइपलाइनसाठी पोलीस घुसले आणि लोकांना उचलून नेलं (निवडून आलेल्या काही कौन्सिलांनी कंपनीशी करार केले होते हे खरं, पण त्या कौन्सिल सरकारच्याच कायद्याने बनवलेल्या). ऑस्ट्रेलियात 2023 च्या सार्वमतात मूळनिवासींना संसदेपुढे नुसता सल्ला देणारी एक समिती द्यायलाही साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. आणि 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांत मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा आला तेव्हा 144 देश बाजूने होते आणि विरोधात फक्त चार, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. नंतर त्यांनी भूमिका बदलली, ठीक. पण मान्यता द्यायची आणि जमीन सोडायची नाही, हे ही सरकारं घरातच शिकली आहेत.

बाकीचे मुद्दे पटापट.

देश नव्हता? 1788 मध्ये ब्रिटिश वस्ती करायला आले तेव्हा ऑस्ट्रेलिया तरी कुठे देश होता, आणि आजच्या सीमांचा भारत 1947 आधी कुठे होता? राष्ट्रसंघाच्या (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) 1919 च्या करारनाम्यातच लिहिलंय की तुर्की साम्राज्यातल्या काही समाजांचं स्वतंत्र राष्ट्र म्हणून अस्तित्व तात्पुरतं मान्य करता येईल. त्यातूनच ब्रिटनकडे पॅलेस्टाईनचा कारभार आला. म्हणजे कागदी मान्यतेला शंभर वर्षं होऊन गेली.

ओसाड? 1922 च्या ब्रिटिश जनगणनेत साडेसात लाख लोक मोजले गेले, त्यात ज्यू 11 टक्के. जाफाची संत्री त्याच्या कितीतरी आधीपासून युरोपात जात होती.

जमीन विकत घेतली, हे अर्धं खरं आहे, मानते. बैरूतच्या सुरसोक घराण्यासारख्या बड्या जमीनदारांनी विकली, कसणारी कुळं हाकलली गेली. पण 1947 पर्यंत सगळं मिळून ही खरेदी सात टक्क्यांच्या आसपास होती. उरलेली बरीचशी जमीन 1948 मध्ये इस्रायल स्थापन होताना सात लाखांहून जास्त माणसं घालवून आणि मग त्यांना 'गैरहजर' ठरवणारा 1950 चा कायदा करून ताब्यात आली. ज्यूंचं त्या भूमीशी जुनं नातं आहे आणि युरोपात त्यांचा संहार झाला, यातलं काहीच मी नाकारत नाही. आपल्या अलिबाग-पेणचे बेने इस्रायली तिकडे गेले, त्यांच्याबद्दल आकस नाही. पण अलिबागच्या ज्यूला तिथे जाऊन लगेच नागरिक होता येतं, आणि ज्याचं घर जाफाला होतं त्या पॅलेस्टिनीला परत जाता येत नाही. हा कायदा कोणाच्या सोयीचा आहे ते उघड आहे.

आणि डाव्यांचं खूळ? झायोनिस्ट, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राष्ट्र व्हावं म्हणणारे नेते व्लादिमीर झाबोटिन्स्की डावे नव्हते, इस्रायलचा आजचा लिकुड पक्ष त्यांचाच वारसा सांगतो. 1923 च्या 'पोलादी भिंत' या लेखात त्यांनी स्वच्छ लिहिलंय की बाहेरून येऊन वस्ती करणाऱ्यांना मूळचे लोक सगळीकडे विरोध करतात, अमेरिका खंडातल्या मूळ लोकांचं आपल्या मुलखावर प्रेम होतं तसंच इथल्या अरबांचं पॅलेस्टाईनवर आहे, म्हणून वसाहत लष्करी बळाच्या भिंतीआडच वाढू शकेल. पॅलेस्टाईन आणि मूळनिवासी ही तुलना झायोनिस्ट नेत्यानेच शंभर वर्षांपूर्वी केली आहे.

आणि मान्यतेने जमिनीवर काय बदललं? भारताने पॅलेस्टाईनला 1988 मध्येच मान्यता दिली होती. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या ऑस्लो कराराच्या वेळी, 1993 मध्ये, पूर्व जेरुसलेम धरून वेस्ट बँकेत (इस्रायलच्या ताब्यातला पॅलेस्टिनी भाग) अडीच लाखांच्या आसपास इस्रायली वसाहतवाले होते, आज सात लाख आहेत. जुलै 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हा ताबा बेकायदा आहे, वसाहतवाल्यांना तिथून हलवा, आणि बाकीच्या देशांनी हा ताबा टिकवायला मदत करू नये. मान्यता दिलेल्या सरकारांनी, आपल्यासकट, शस्त्रांचे सौदे आणि वसाहतींमधल्या मालाची खरेदी यातलं काय काय बंद केलं, ते त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.